अधिक एक

चुकलेल्या गणितावर आमच्या मॅडम फुली मारत नसत. चुकीच्या जागी बोट ठेवायच्या आणि विचारायच्या, "एक कुठं गेला?" त्यावरून मुलांनी त्यांचं नावच 'अधिक एक' ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

मॅडम मूळच्या मुरबाडकडच्या. केमिकल कंपनीत बरीच वर्षं काढून त्यांनी शहापुरात भातगिरणीच्या माडीवर क्लास सुरू केला. आमच्यासारख्या इंजिनिअरिंगच्या मुलांना त्या ऊर्ध्वपातन शिकवायच्या, म्हणजे मिश्रण उकळून त्यातले घटक वेगळे करणं. या पेपरात मी दोनदा नापास झाले होते. वाशिंदच्या एका कारखान्याने नोकरी देऊ केली होती, पण पदवी हातात आली तरच. आमच्या डोळखांबकडच्या पाड्यात पदवीपर्यंत कोणी पोचलं नव्हतं. आणि मी अडले होते ती एकाच जागी.

उकळलेल्या मिश्रणाची वाफ एका उंच मनोऱ्यातून वर चढते आणि माथ्यावर ती थंड करून तिचा द्रव करतात. समजा, एक भाग माल म्हणून बाहेर काढला आणि तीन भाग परत खाली सोडले, तर वर वाफ यायला हवी तीन अधिक एक. मी दरवेळी तीनच धरायचे. तिथून आलेखावरची रेघ चुकायची आणि पुढचं सगळंच.

"परत पाठवलेलं बरोबर मोजलंस," मॅडम म्हणाल्या, "आणि ज्याच्यासाठी बॉयलर पेटवला, तो मालच विसरलीस. कंपनी विकणार काय गो?"

"वाफ विकेल, मॅडम," मागून एक जण म्हणाला. सगळे हसले.

चहाचंही तेच. खाली सांगायला मी गेले की एक कप कमी यायचा, तो माझा. मॅडम आपल्यातला अर्धा कधी द्यायच्या नाहीत. "जा, परत सांगून ये," म्हणायच्या.

एकदा तीच चूक पुन्हा झाली, तेव्हा त्यांनी खडू खाली ठेवला.

"तुमच्याकडं लावणीला घरची माणसं किती?"

"चार. आय, बाबा, दादा, वहिनी."

"आणि तू बांधावर बसून बघतेस?"

"नाय मॅडम, मी पण लावते."

"मग किती?"

मी मनात पुन्हा मोजलं. "पाच."

"तुझं गणित कच्चं नाय गो. तू सोताला मोजत नायस."

या वेळी कोणी हसलं नाही. मॅडमनी खडू उचलला आणि पुढचं उदाहरण फळ्यावर घातलं.

तिसऱ्यांदा पेपर हातात आला तेव्हा ऊर्ध्वपातनाचा प्रश्न होताच. आकडे वाचण्याआधी मी कोपऱ्यात 'अधिक एक' लिहून ठेवलं. रेघ बसली. आलेखावरच्या पायऱ्या एकीखाली एक उतरत गेल्या आणि शेवटची जिथे पोचायला हवी तिथेच पोचली.

निकाल लागेपर्यंत मॅडम क्लास बंद करून लेकीकडे नाशिकला गेल्या होत्या. त्यांचा फोन आला तेव्हा मी अंगणात होते. आय दारातून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काय गो, आपले किती सुटले?"

"तिघे, मॅडम," मी म्हणाले, आणि नावं सांगितली.

पलीकडून तोच जुना आवाज आला, "एक कुठं गेला?"

मला हसू फुटलं, आणि आय काय समजायचं ते समजली.

"चार, मॅडम. माझ्यासकट चार."