जर्मनचे पेले

अन्याय झाला तो माझ्या थोरल्या वहिनीवर. सन एकोणीसशे त्र्याहत्तर, धुळवडीनंतरचा पहिला सोमवार, सकाळी लापशीला आधण ठेवायच्या वेळेला. स्थळ आमच्या गावची चावडी, नगरच्या पूर्वेला, पाथर्डीच्या अंगाला. भर सभेत तिच्या हातातला डाव काढून घेतला. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे वाइनच्या गप्पा येणार आहेत आणि काही लोकांना गप्पाच तेवढ्या लक्षात राहतात.

डाव म्हणजे लांब दांड्याचा लोखंडी डाव. एरवी त्याला कोण विचारतो? पण त्या दुष्काळात अख्खं गाव पाझर तलावाची माती उपसत होतं आणि कामावरच्या बायांची लेकरं उन्हात पडलेली असायची. त्यांच्यासाठी महिला मंडळाने मोठी कढई चढवली. लापशी शिजवायची, पावडरचं दूध कालवायचं, जर्मनच्या पेल्यांतून वाटायचं. आमच्याकडे अॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात. का म्हणतात ते कॉलेजात जाऊनही मला कळलेलं नाही. कढईवर वहिनी उभी राहायची, कारण तिची लापशी तळाला लागत नसे आणि तिच्या वाटण्यात आपलं-परकं नसे. त्या लांब डावामुळे पहिल्यांदाच लोक तिला 'अमक्याची बायको' सोडून 'लापशीवाली वैनी' म्हणायला लागले होते. तिच्यासाठी ते केवढं होतं हे मला माहीत आहे, कारण ती घरी आली की डाव धुऊन पुसून खुंटीला अडकवायची. तो मंडळाचा होता, तरी.

मी तेव्हा नगरला शिकत होते आणि शिकण्यापेक्षा पत्रकं जास्त काढत होते. कामावर सावली द्या, पाणी द्या, बाईला पुरुषाइतकीच मजुरी द्या. सायक्लोस्टाइलची शाई नखांत कायमची बसलेली. दुष्काळात आमचा गट गावोगाव फिरत होता. मी माझंच गाव मागून घेतलं.

फाल्गुनात शाळेमागे बोअर मारायची गाडी आली. गाडी परदेशी मदतीची, तिच्याबरोबर फ्रान्सचा एक गोरा साहेब आणि नगरच्या कॅम्पातला एक ड्रायव्हर. साहेबाला मराठी 'पानी' आणि 'बास' एवढंच यायचं. बाकीचं ड्रायव्हर सांगायचा, आणि स्वतःच्या पदरचं घालून सांगायचा. चार दिवस नुसती पांढरी भुकटी उडाली. लोक बघायला येत, तोंडावर धूळ घेऊन परत जात.

धुळवडीला दुपारी पाणी लागलं. त्या वर्षी गावाने धुळवड कोरड्या राखेनेच खेळली होती, आणि एकाएकी भोकातून चिखलाचा असा फवारा उडाला की सगळी धुळवड साहेबाच्याच अंगावर झाली. बाया रडल्या. सरपंचांनी नारळ फोडला. साहेब गाडीवर चढला आणि भुशात बाटल्या भरलेली लाकडी पेटी घेऊन खाली उतरला.

"साहेब म्हणतो, पाणी लागलं की तो बाटली फोडतो," ड्रायव्हर म्हणाला. "परमिट हाय त्याचं, घाबरू नका. आन् म्हणतो, माल काय भारी न्हाई. त्याच्याकडं शेतावरचे गडी भाकरीसंगं ही पितात."

शेतावरचे गडी! माझे कान टवकारले. वाइन म्हणजे झुंबराखाली प्यायची चीज अशी माझी समजूत होती, आणि त्या समजुतीवर मी एक पत्रकही लिहिलं होतं. आता कळलं की फ्रान्समधलाही गडी आमच्या गड्यासारखाच बांधावर बसतो, फक्त त्याच्या तांब्यात वेगळं असतं.

साहेबाने हिरवी, उंच मानेची बाटली वर धरली आणि सगळ्यांना दाखवत म्हणाला, "जर्मन!"

वहिनी जवळच लिंबाच्या सावलीत लेकरांचे पेले घासत होती. तिने वर पाहिलं.

"जर्मनचेच पायजेत व्हय? हायेत की," ती म्हणाली, आणि घासलेले पेले ओळीने मांडलेसुद्धा. "बराबर हाय त्याचं. आंबट पितळंत कळकतं."

ड्रायव्हर हसून हसून पाइपावरच बसला. त्याने साहेबाला समजावलं तेव्हा साहेबाने डोक्यावरची टोपी काढली, वहिनीला सलाम ठोकला आणि पहिला पेला तिच्यापुढे धरला. वहिनीने दादाकडे, म्हणजे माझ्या भावाकडे, पाहिलं. दादा तेव्हा चिखलात नाचून आला होता.

"घे गं," तो म्हणाला. "पानी लागलंय."

मग तिने पदर सावरला, जरा वळून बसली आणि घोट घेतला. तिच्यामागून मी, दादा, सरपंच आणि सरपंचांच्या मागेपुढे असणारी चार मोठी माणसं. सगळ्यांनी त्याच पेल्यांतून.

आता चव सांगते. लाजायचं कारण नाही.

ती हिरव्या बाटलीतली, जर्मनीची, फिकट होती, गवतावरच्या दवासारखी. आंबट, पण आंबटामागे कुठेतरी मध लपलेला. वहिनी म्हणाली, "पन्हंच हाय. गूळ जरा हात राखून घातलाय." दुसरी फ्रान्सची, तांबडी. पहिल्या घोटाला मला सायक्लोस्टाइलची शाई आठवली. चुकून बोट तोंडात गेलं की लागते ना, तशी. जीभ जागच्या जागी आखडली. वहिनीने मात्र डोळे मिटून जांभळाची साल म्हटलं, आणि तिने म्हटल्यावर मलाही जांभूळच लागायला लागलं. शाई गेली ती गेलीच. सरपंचांनी पेला एका दमात रिकामा करून ओठ पुसले.

"ही काय दारू म्हनायची? घसा जळतच न्हाई."

"घसा जाळायचा तर घासलेट प्या की, भावजी," वहिनी म्हणाली. सगळे हसले. सरपंचही हसले. तेव्हा.

तिसरी बाटली इटलीची. पोटाशी गोल, आणि वाळल्या गवताच्या विणलेल्या टोपलीत बसवलेली, जसं काही लेकरू झोळीत. दिसायला सगळ्यांत देखणी आणि चवीला सगळ्यांत बिघडलेली. गाडीच्या टपाखाली उन्हात शिजून ती पार उतरली होती. मला शिळं ताक आठवलं, दादाने तोंड वाकडं केलं. साहेबाने हुंगली, खांदे उडवले आणि स्वतःचा पेला भरला. "म्हणतो, त्याच्या गड्यांना बी अशीच मिळते," ड्रायव्हर म्हणाला. ती रिकामी बाटली वहिनीने मागून घेतली. अजून आमच्या चुलीशेजारी आहे, तिच्यात गोडं तेल असतं.

त्यानंतर मी दोन-तीनदा वाइन चाखली, त्याच गाडीवर, दुसऱ्या गावांत, पाणी लागलं तेव्हा. एकदा तर दगड लागला तेव्हा, दुःखाने. दरवेळी स्वस्तातलीच. माझं मत असं: स्वस्त वाइनचा पहिला घोट भांडायला उठतो. दुसरा बोलायला लागतो. तिसऱ्याला आपण त्याचं ऐकून घ्यायला शिकतो, आणि इथेच थांबावं. शेवपापडीबरोबर ती बरी लागते, मिरचीच्या ठेच्यापुढे हात टेकते. आणि तिच्या चवीला आपल्या भाषेत शब्द नाहीत असं जो म्हणेल त्याने आमच्या लिंबाखाली यावं. वहिनीने एका घोटात पन्हं, गूळ, जांभूळ सगळं सांगितलं. ना भारावली, ना नाक मुरडलं. बाहेरून आलेल्या पाहुण्याशी बोलावं तशी बरोबरीने बोलली. मला त्या दुपारचा जो अभिमान आहे तो पदवीचाही नाही.

पण गावात शब्द चालत नाहीत, पळतात. शनिवारपर्यंत 'लापशीवाली वैनी' होती ती 'लेकरांच्या पेल्यात दारू पाजनारी' झाली. पेले मंडळाचे होते, आणि मंडळाच्या अध्यक्षीणबाई म्हणजे सरपंचांच्या थोरल्या भावजय. त्यांनी सोमवारी सभा बोलावली.

रविवारी दिवसभर मी डोकं चालवलं आणि तोड काढली. वहिनी भाकरी थापत होती, तिच्यासमोर जाऊन बसले.

"वैनी, सांगायचं, ती दारू नव्हतीच. द्राक्षासव होतं. द्राक्षाचंच असतं ना तेही? वैद्य देतो, घरोघरी बाळंतिणी घेतात. सभेत एक बाई बोलायची नाही. मी पत्रकच काढते."

तिने भाकरी परतली. तव्यावर मिलोची, रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी होती, त्या वर्षी दुसरं काय असणार.

"वन्सं, खोटं नगा छापू," ती म्हणाली. "द्राक्षासव मी बाळंतपनात चमचा-चमचा घेतलंय. ते औशद. ही दारू. आन् मला आवडली, ती जांभळाची."

"मग निदान सांग, साहेबाने जर्मन म्हटलं म्हणून तू फसलीस."

"फसले न्हाई. पावन्याला भांडं पायजे हुतं, म्या दिलं."

पत्रक तिथेच मेलं. माझ्या सगळ्या पत्रकांत मिळून नव्हता एवढा ताठ कणा मी त्या तव्यामागे पाहिला.

सोमवारी चावडी भरली. वहिनी कढईवरूनच आली होती, डाव हातात. अध्यक्षीणबाईंनी सुरुवात केली.

"लेकरांच्या पेल्यात दारू! बाटलीनं पेले बाटवले हिनं."

बाटली, बाटवले. लोकांना ते जुळलेलं भारी आवडलं, दोन-तीनदा म्हणून पाहिलं. मी उभी राहिले आणि सांगितलं की ज्या हाताने बाटली उघडली त्याच हाताने बोअर मारला. त्याने काढलेलं पाणी सकाळपासून रांग लावून भरता, ते बाटत नाही का?

"ऐका! ननंद भावजयीची वकील झाली," मागून एक म्हातारी म्हणाली. "आता काय ऱ्हायलं बघायचं?"

"नगरला शिकाया गेल्तीस का प्यायाला?" दुसरीने विचारलं.

"दोन्हीला," मी म्हणाले. हशा झाला, पण त्याने वहिनीचा काही फायदा झाला नाही. मी खाली बसले.

मग वहिनी बोलली. आवाज चढवला नाही.

"पेले म्या राखंनं घासले. बोअरच्या पान्यानं इसळले. तरी बाटले म्हनता, तर बाटले. मंग त्या पेल्यांना लागलेली तोंडं बी बाटली असतील. पेले मला घासता आले. ती तोंडं कशानं घासू, तेवढं सांगा. राख लई हाय चुलीत."

सरपंच फेट्याचा शेमला निरखत होते. त्यांच्या मागेपुढे असणारी चार मोठी माणसं एकमेकांच्या मागे होत होती. मग दादा उठला. माझा दादा सभेत कधी उभा राहिलेला नाही.

"मीबी पेलो हुतो," तो म्हणाला. "म्याच तिला घे म्हनलं."

कुणीतरी फिसकन हसलं. दादा उभाच राहिला. तो आणखी कुणी उठेल म्हणून वाट पाहत होता. कुणी उठलं नाही.

"पुरुषांचं निराळं असतं," अध्यक्षीणबाई म्हणाल्या आणि हात पुढे केला.

वहिनीने डाव पदराने पुसला, उलटा धरला आणि दांडा त्यांच्या हातात दिला.

"तळाला लागतं," ती म्हणाली. "हालवत ऱ्हावा."

एवढं बोलून ती मातीच्या कामावर गेली. त्या दिवसापासून काम संपेपर्यंत पाट्या वाहिल्या तिने. आणि पेल्यांचं काय झालं? काही नाही. तेच पेले, त्याच लेकरांच्या हातात, दुसऱ्या दिवशीही. बाटलेले असते तर फेकले असते. म्हणजे बाटले नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काढायची होती ती बाई.

दुष्काळ आता सरला. पाझर तलावात पाणी आहे, बोअरवर हापसा बसलाय. कढई वर्षातून एकदा निघते, जत्रेच्या भंडाऱ्याला, आणि त्या डावाला अजून वहिनीचा हात लागू दिलेला नाही. ती शेवटच्या पंगतीला पत्रावळ घेऊन बसते आणि करपलेलं काही न बोलता खाते. आंबट, तुरट, गोड, उतरलेलं, सगळं ओळखणारी तिची जीभ. ती करपलेलं ओळखत नसेल?

मी हे तिचं कौतुक व्हावं म्हणून लिहिलेलं नाही. कौतुक मी करते, घरचं आहे. तुमच्याकडून मला दुसरं हवं आहे. तुम्ही त्या दिवशी लिंबाखाली होता की दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या कुठल्या बाटलीजवळ, याच्याशी मला कर्तव्य नाही. तुम्ही पेला तोंडाला लावलाय आणि त्याच पेल्यापायी एखादी बाई पंगतीच्या टोकाला गेलेली तुम्ही पाहिली आहे. या वेळच्या भंडाऱ्याला, पंगत बसायच्या आधी, सगळ्यांदेखत उभे राहा. म्हणा, 'मीपण प्यालो.' दादाच्या शेजारी जागा आहे. मग जाऊन डाव मागा आणि तिच्या हातात द्या. तोपर्यंत जेवायला बसू नका.