मेंदूच्या डॉक्टरांची संस्था आणि माझी वही

फिटच्या आजारावर काम करणाऱ्या डॉक्टरांची एक मोठी संस्था आहे, सगळ्या जगाची मिळून. तिच्याबद्दल मला जे थोडे माहीत आहे ते आमच्या डॉक्टरांकडून कळले, मुलीला तपासता तपासता ते सांगत तेवढेच. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तेव्हा काही चुकलेही असेल. पण त्या लोकांचे माझ्यावर उपकार आहेत आणि तोंडाने ते मी कधी कुणाला सांगितले नाहीत. म्हणून लिहून ठेवते.

आमचा मळा मखमलाबादच्या बाजूला. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. हे पहाटे फुले घेऊन नाशिकच्या फुलबाजारात जात. तोडणी आणि हार ओवणे माझ्याकडे आणि सासूबाईंकडे. नव्वदनंतरची ती वर्षे. मुलगी सातवीत गेली आणि पावसाळ्यात एकदा शाळेत प्रार्थनेच्या रांगेत पडली. कुणी तिच्या नाकाला चप्पल लावली, कुणी दातांत चमचा घातला. पुढच्या दाताचा कोपरा उडाला. मला बोलावून आणले तेव्हा ती बाकावर झोपलेली होती आणि वेणीची रिबन कुणीतरी नीट बांधून ठेवली होती.

मेंदूचे डॉक्टर तेव्हा नाशिकला थोडेच होते. त्यांतल्या एकांकडे आम्ही गेलो. त्यांनी गोळी लिहून दिली, सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर. चपलेचे आणि चमच्याचे मी खाली बघून सांगितले. ते रागावले नाहीत.

"तोंडात काही घालायचं नाही, ताई. कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. बाकी जोडा हुंगवणारे दुसऱ्या देशांतही आहेत. नुसता जोडा वेगळा."

दुसऱ्या देशांतले तुम्हाला कसे माहीत, असे मुलीने विचारले. मला ते विचारायचे धाडस झाले नसते. डॉक्टरांना बहुतेक असे विचारणारे कुणी भेटत नसावे, कारण त्यांनी पेन खाली ठेवले आणि त्या संस्थेची गोष्ट सांगितली.

फार वर्षांपूर्वी युरोपात काही डॉक्टर एकत्र जमले. फिटचे पेशंट सगळ्यांकडे होते, पण ज्याचे त्याचे शब्द वेगळे. एकाने लिहिलेले दुसऱ्याला कळायचे नाही. लोक तर याला बाधा म्हणत, काही ठिकाणी अशा माणसांना वेड्यांबरोबर कोंडून ठेवत. या डॉक्टरांनी संस्था काढली, मासिक काढले. मग महायुद्ध लागले. काल एका टेबलाशी बसलेल्यांचे देशच एकमेकांवर उठले आणि संस्था बंद पडली. पुढे त्यातल्याच काहींनी पत्रे लिहून ती परत उभी केली. मग दुसरे युद्ध, आणि परत तेच. त्यानंतर आपल्यासारखे देशही त्यात गेले. बसून, वाद घालून त्यांनी ठरवले की कोणत्या फिटला काय म्हणायचे आणि पेशंटच्या घरच्यांना काय काय विचारायचे.

बसमध्ये मी त्याचाच विचार करत होते. आमच्या भावकीत बांधावरून अबोला झाला तर तो मुलांना वारशात मिळतो. या लोकांनी तर लढाईनंतर पत्रे लिहिली. पहिले पत्र कुणी लिहिले असेल, आणि ते लिहिताना त्याला लाज वाटली असेल का, हे मला अजूनही जाणून घ्यावेसे वाटते.

डॉक्टरांनी मला एक वहीही दिली होती. फिट आली की लिहायचे: दिवस, वेळ, किती मिनिटे, आधी काय झाले. ही पद्धत तिकडूनच आलेली, असे ते म्हणाले. लिहायचे म्हटल्यावर मी ती मुलीकडे सरकवली. मुलगी म्हणाली, "आई, हिशोब नाही लिहायचा. मी पडले की लिहायचं, एवढंच."

गोळ्या सुरू होऊनही फिट थांबेनात. चौथ्या खेपेला, पुन्हा शाळेतच, मोठ्या बाईंनी मला बोलावले. बोलायला चांगल्या होत्या. म्हणाल्या, दिवाळीपर्यंत बघू, पण वर्गात परत असे झाले तर तिला घरी ठेवा, बाकीच्या मुली घाबरतात. मी मान हलवली. मलाही चौथीनंतर असेच घरी ठेवले होते, मळ्यात हात कमी पडतात म्हणून. तेव्हाही मी मानच हलवली होती. मुलीला मी हे सांगितले नाही, पण तिला कळले. त्या आठवड्यात तिने सगळ्या पुस्तकांना नवी कव्हरे घातली.

दसऱ्याच्या आधी वही घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती उघडली आणि पाने पुढेमागे उलटून बघितली. मला वाटले अक्षर लागत नाही. मग म्हणाले, "ताई, यात तारीख कुठेच नाही."

खरेच नव्हती. दिवसाच्या रकान्यात मी तिथी लिहिली होती. आमच्या घरात तारखेने काही चालतच नाही. चतुर्थीला जास्वंद आणि दुर्वा, एकादशीला तुळस, पौर्णिमेला झेंडू, असे महिन्याचे दिवस ठरलेले. मला लाज वाटली आणि मी वही परत घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिली नाही.

"लोक मला सांगतात, फिट अमावास्येला येते. तुमच्याकडे अमावास्या एकही नाही. चतुर्थीची रात्र. एकादशी संध्याकाळ. बारस सकाळ. परत चतुर्थी. या दिवशी घरात काय असतं?"

"उपास."

"कुणाला?"

मी मुलीकडे बघितले. सासूबाईंनी नवस बोलला होता. फिट थांबेपर्यंत पोरीने संकष्टी आणि एकादशी धरायची.

"आणि गोळी?"

मी म्हणाले, "गोळी जेवणानंतर. तुम्हीच सांगितलंत. उपासाला जेवण नसतं."

एकादशीला साबुदाणा खायची ती, पण साबुदाण्याला आमच्यात कुणी जेवण म्हणत नाही. म्हणजे एकादशीला दोन्ही गोळ्या बुडायच्या आणि संकष्टीला सकाळची. ते मला त्या खुर्चीत बसल्यावर कळले. माझ्याच हाताने मी मुलीला पाडत होते. मी रडू लागले. डॉक्टरांनी पाण्याचा पेला पुढे केला.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "उपास असला तरी गोळी, हे मी सांगायला हवं होतं. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही."

त्यांनी ते माझ्यासमोर चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिले.

घरी सांगणे बाकी होते. सासूबाईंसमोर मी कधी चार वाक्ये सरळ बोलले नव्हते, आणि हा देवाचा नवस. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी एकादशी होती. मी सकाळी भाकरी टाकली, मुलीपुढे ताट ठेवले, शेजारी गोळी ठेवली आणि तिथेच उभी राहिले.

"आज काय हाय, इसरली का काय?" सासूबाई म्हणाल्या.

मी सगळे सांगितले. वही, तिथ्या, गोळ्या. मध्ये अडखळले, पण सांगितले. त्या हातातला हार ओवत होत्या, तो ओवून पुरा केला.

"मंग मला आधी का नाय सांगितलं? मी काय वाघ हाय?" मग नातीला म्हणाल्या, "तू खा, पोरी. तुझ्या वाट्याचा उपास मी धरते. देवाला काय, माणूस बदललेलं चालतं. मला तशीबी भूक कमीच."

त्या शेवटपर्यंत दोघींचे उपास धरत राहिल्या. त्यांनी नाही म्हटले असते तर माझ्यात पुढे बोलायची ताकद नव्हती. त्यांचेही उपकार इथेच लिहिते.

दिवाळी गेली. मुलगी वर्गात पडली नाही. जूनमध्ये आठवीच्या हजेरीत तिचे नाव आले आणि मोठ्या बाईंनी मला काही विचारले नाही. दहावीनंतर डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करून बंद केल्या.

पुढे बऱ्याच वर्षांनी, दोन हजार सालानंतर, ते त्या संस्थेच्या सभेला परदेशात जाऊन आले. तिथे त्यांनी माझ्या वहीचे पान दाखवले. दुसऱ्या देशातल्या एका डॉक्टरीणबाईंनी उठून सांगितले, आमच्याकडे रोज्याच्या महिन्यात हेच होते, आता आम्हीही आधीच विचारू. मग नाशिकच्या डॉक्टरांसाठी एका सभागृहात त्यांचे संस्थेच्या इतिहासावर भाषण ठरले, आणि त्यांनी आम्हा मायलेकींना बोलावले. माझे नाव घेऊ नका, एवढीच मी अट घातली. त्यांनी ती पाळली.

आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. भाषण इंग्रजीत. पडद्यावर जुन्या माणसांचे फोटो येत होते, कोट घातलेले, दाढीवाले. मुलगी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. ती माझ्या कानाशी हळू आवाजात मराठीत सांगत होती, हे संस्था काढणारे, हे युद्धानंतर परत जमलेले. मी मध्येच विचारले, पहिले पत्र कुणी लिहिले ते सांगतायत का?

तिने माझ्या हातावर हात ठेवला. "थांब गं, आई. पुढचं ऐकू दे, मग सांगते."

मी थांबले.