चिमण्यांची घरटी मीच काढली

पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. बायको मार्कंड्याच्या जत्रेला गेली असताना मी छपरातली चिमण्यांची घरटी पिलांसकट उपसून फेकली आणि कवेलूंखालच्या फटींत बोरीचे काटे ठासले. जेवताना ताटात काड्या पडायच्या, त्याचा मला राग होता.

परतल्यावर तिनं विचारलं, "चिमण्या कुठी गेल्या जी?"

"सापानं खाल्ल्या. म्हणून तर काटे लावले."

"अन् तुमी काय घोरून राह्यले होते?"

तेव्हापासून मी खाटेवर पडण्याआधी ती रोज काठीनं छप्पर ठोकून बघायची, अगदी म्हातारपणीही. मी हसायचो. साप नव्हताच, हे मात्र कधी सांगितलं नाही. ती वारल्यापासून वाटतं, खरं ऐकून तिनं माझ्याशी मनसोक्त भांडावं आणि मग जवळच बसून राहावं.