वर्ण सावळा, स्वभाव तिखट

जगात विकण्यासारखी जी जी म्हणून वस्तू आहे ती मुळात लग्नाचीच आहे, असं मानणारी व्यक्ती या पृथ्वीतलावर एकच असावी, आणि ती नेमकी माझ्या बायकोची मावशी निघावी हा माझ्या नशिबाचा भाग आहे. मावशींनी येरवड्यातल्या आपल्या दोन खोल्यांत वर्षानुवर्षं वधूवर सूचक मंडळ चालवलं. पुढे मुलंमुली आपापली लग्नं मोबाईलवर परस्पर जमवायला लागली आणि मंडळात फक्त त्यांचे हताश आईबाप यायचे राहिले. तेव्हा मावशींनी पाटी उतरवली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रंगाऱ्याकडून लिहून घेतलं, 'येथे घरगुती उद्योगांची ऑनलाइन जाहिरात करून मिळेल.' धंदा बदलला असं आपण म्हणायचं. मावशींच्या मते काहीही बदललेलं नाही. पूर्वी मुली उजवायच्या, आता लोणची, पिशव्या आणि मसाले उजवायचे. येरवडा म्हटलं की पुण्यातला माणूस हमखास गालात हसतो. त्यावर मावशींचं उत्तर तयार असतं, "एका बाजूला तुरुंग आहे, एका बाजूला वेड्यांचं इस्पितळ आहे. मधे जागा उरली तिथे आम्ही शहाणी माणसं राहतो. आपण कुठे असता?"

मावशी मला कधीही काम सांगत नाहीत. जावयाला काम सांगणं त्यांच्या वळणात बसत नाही. म्हणून त्या माझ्यासमोर बसून माझ्या बायकोला म्हणतात, "विचार गं त्यांना, स्वारगेटकडे जाणार असतील तर साताऱ्याच्या गाडीत एवढं पुडकं देतील का." माझी बँक विमाननगरला आहे. स्वारगेट माझ्या वाटेवर यायचं तर मला आधी वाट चुकावी लागते. पण 'नाही' म्हणायची सोय नसते, कारण मला कुणी विचारलेलंच नसतं. अशा रीतीने मी मावशींच्या धंद्यात विनावेतन, विनाहुद्दा आणि विनासंमती काम करतो, आणि खरं सांगायचं तर रविवारी पुडकं नसलं की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

ज्या कुणाला घरबसल्या असला धंदा करायचा असेल त्याने एकदा मावशींच्या समोर जाऊन बसावं. चहा मिळतो. फोटोची गोष्टच घ्या. मोबाईलमध्ये कुठल्याही वस्तूला उजळ करायची सोय असते, पण मावशींनी तिला आजवर हात लावलेला नाही. "मंडळात पाहिलंय मी. स्टुडिओतल्या फोटोत मुलगी म्हणजे गुलाबाची कळी, आणि पोहे घेऊन येते ती आपल्यासारखीच. मुलीत काही कमी नसतं हो, पण फोटोने तिचा आधीच अपमान करून ठेवलेला असतो." म्हणून मावशींच्या गिऱ्हाइकांच्या वस्तू गॅलरीत सकाळच्या उजेडात उभ्या राहतात आणि शेजारी चहाचा चमचा ठेवलेला असतो, पाकीट केवढं आहे ते बघणाऱ्याला कळावं म्हणून. फोटोला अंगठे पुष्कळ आले की एखादी बाई हुरळून जाते. मावशी तिला विचारतात, "यातले नुसते पोहे खाऊन जाणारे किती, आणि बैठकीला बसणारे किती?" बैठक म्हणजे पत्ता देऊन पैसे पाठवणं. 'बघतो, कळवतो' असं उत्तर आलं तर नवखी माणसं आशेवर राहतात. 'कळवतो' हा पुण्यातला सर्वांत सभ्य नकार आहे हे मावशींना मंडळाच्या पहिल्या वर्षातच समजलं होतं. त्या आठवड्याने 'आपल्या सवडीने' एवढाच निरोप पाठवतात आणि त्यानंतर त्या माणसाला आयुष्यभर सुखाने जगू देतात.

लोणचंवाल्या एका बाईंना पहिल्याच दिवशी सगळ्या महाराष्ट्रात जाहिरात हवी होती. मावशींनी ती येरवडा, कल्याणीनगर आणि विश्रांतवाडी एवढ्यातच दाखवली. "स्थळ आधी जवळचं बघावं. बरणी फुटली तर पायी जाऊन दुसरी देता आली पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. स्वयंपाकाची वस्तू त्या दुपारी चार वाजता दाखवतात, कारण तेव्हा चहा गॅसवर असतो, हातात मोबाईल असतो आणि संध्याकाळच्या भाजीचं अजून काही ठरलेलं नसतं. एका जातीच्या मालाचं त्या एकच गिऱ्हाईक घेतात. दुसरी मसालेवाली आली तर तिला चहा देतात, दुसऱ्या कुणाचा तरी पत्ता देतात आणि जिन्यापर्यंत पोचवायला जातात. आणि गिऱ्हाइकाच्या ऑनलाइन पेजवर कुणी 'फार महाग आहे' असं लिहिलं की त्या रागावत नाहीत. त्या लिहितात, 'आपलं बरोबर आहे. स्वस्त मसालाही बाजारात मिळतो. तो एकदा जरूर घेऊन पाहा आणि मग सावकाश या.' लोक सावकाश येतात असा अनुभव आहे.

गिऱ्हाईक बायकांना मावशी गावाच्या नावाने ओळखतात, सासरी सुनांना ओळखतात तसं. कोंढव्याची, मुंढव्याची, वाघोलीची. त्यांतली सगळ्यांत पहिली आणि सगळ्यांत लाडकी ती लोणीची, म्हणजे लोणी काळभोरची. उलट्या पाटीवरचा रंग वाळतोय न वाळतोय तोच ही शेतकऱ्याघरची सून स्टीलचा डबा घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, कांदा-लसूण मसाला हाय. चांगला हाय. पन इकायचा कसा, त्ये मला ठावं न्हाई." मावशींनाही ते ठाऊक नव्हतं. त्यांनी डबा उघडला, चिमूटभर मसाला जिभेवर ठेवला, डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि आपल्याला येत होतं तसं लिहून काढलं: 'घराणं लोणी काळभोरचं, शेतकरी. वर्ण सावळा. स्वभाव तिखट, पण समजूतदार. स्वयंपाकात तोड नाही. कोणत्याही घरात मिसळून जाण्याची तयारी. अपेक्षा एकच, कदर करणारं घर.' पुढे जे झालं त्यात दोष कुणाचा यावर आमच्या घरात अजून दुमत आहे. मजकुराबरोबर जायचा तो मसाल्याचा फोटो गेलाच नाही, आणि मजकूर जाऊन पडला तो मंडळाच्या जुन्या ग्रुपवर, जिथे उपवर मुलांचे वडील अजूनही चिकाटीने बसून होते.

तासाभरात फोन सुरू झाले. मी तिथेच होतो. एका गृहस्थांनी मुलीची उंची विचारली. मावशींनी डब्यातून नुकत्याच भरलेल्या पाकिटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पाव किलोत वीतभर." शिक्षण विचारलं तेव्हा "कांडपापर्यंत झालंय" असं सांगितलं. घोटाळा ध्यानात आल्यावर दुसऱ्या कुणीही माफी मागून फोन ठेवला असता. मावशींनी प्रत्येकाचा पत्ता घेतला. "मुलगी नाही हो, मसाला आहे. पण मुलगी मिळेपर्यंत मुलाला निदान नीट जेवायला तरी घाला," असं म्हणून प्रत्येक घरी नमुन्याची पुडी पाठवली. पुड्या अर्थात मी पोचवल्या. त्यातली काही मुलं अजून बिनलग्नाची आहेत, पण मसाला त्या घरांत कायमचा नांदतो आहे.

तेव्हापासून लोणीचीचा मसाला वाढतच गेला. अंगणात कांडपाचं यंत्र आलं, दोन्ही जावा हाताखाली आल्या. दर रविवारी ती माल घेऊन यायची, मावशींच्या ओट्याशी उभं राहून भाकरी करायची आणि दोघी पेजवरचे निरोप एकमेकींना वाचून दाखवत जेवायच्या. आणि मग यंदा बाणेरच्या एका जाहिरात कंपनीने तिला गाठलं. मसाला मुंबई-नागपूरपर्यंत नेतो म्हणाले, पण पेज पूर्णपणे आमच्या हातात हवं, दुसरं कुणी मधे नको. लोणीची तडक मावशींकडे आली. "तुमी न्हाई म्हना. मी त्यान्ला न्हाई म्हनून सांगते. माझं काय अडलंय?"

मावशींच्या धंद्यातला निम्मा धंदा तिचा होता, आणि जीव तर निम्म्याहून जास्त. एवढं एक 'नाही' म्हटलं असतं तर रविवार होता तसाच राहिला असता. मला मनापासून वाटत होतं की त्यांनी म्हणावं. मावशी म्हणाल्या, "स्थळ सांगून आलंय तर बघायला तरी जाऊ." मग माझ्या बायकोकडे वळून, "विचार गं त्यांना, गाडी काढतील का."

लोणीचीला घेऊन आम्ही गेलो त्या कंपनीत काचेची खोली होती आणि दाढी राखलेला एक चुणचुणीत मुलगा होता. "आंटी, बेसिकली आम्ही ब्रँड स्केल करतो," त्याने सुरुवात केली.

"आंटी नको, मावशी म्हणा. घरात माणसं किती?"

"म्हणजे टीम? चाळीस."

"हिचा फोन आला तर त्यातलं कोण उचलणार?"

मुलाने काचेबाहेर नजर टाकली. सगळ्यांच्या कानांत काही ना काही घातलेलं होतं. "मीच उचलेन," तो म्हणाला.

"मसाला खाल्लात?"

"अजून नाही, पण आम्ही डेटा बघितलाय."

"भाकरीशी कसा लागला?" मावशींनी विचारलं. आणि त्यांनी पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "आधी खा. मग बोलू."

दोनतीन दिवसांत त्याचा फोन आला. त्याच्या आईला आणखी एक पाकीट हवं होतं आणि ते तो विकत घेणार होता. मावशींनी फोन ठेवला. "मुलगा सरळ आहे. आईला खाऊ घातला. लोणीचीला कळव, होकार दे म्हणावं," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या आणि संध्याकाळपर्यंत पेजवरच्या एकूण एक माणसाला उत्तरं देत बसल्या, ज्यांनी काही विचारलं नव्हतं त्यांनासुद्धा.

पेज हाती द्यायचा दिवस उजाडला. पेज मावशींच्या नंबरावर होतं, त्यामुळे बदलाचा ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर येणार होता. मुलाने लोणीचीला फोन करून सांगितलं, मावशींकडून ओटीपी घ्या, तो मिळाला की पेज तुमचं, पुढचं आम्ही बघू. हे काम दोन मिनिटांत फोनवर उरकण्यासारखं होतं. आम्ही मोबाईल समोर ठेवून वाट बघत बसलो. फोन आला नाही; दुपारी लोणीची स्वतःच आली. हिरवी साडी, केसांत गजरा, कपाळाला ठसठशीत कुंकू. आल्या आल्या तिने पाट मांडला, त्यावर बसली आणि पदर पसरून म्हणाली, "भरा मावशी."

"काय भरू गं?"

"ओटी. त्या पोरानं सांगितलं न्हवं का, मावशींकडनं ओटी घ्या, मंगच प्येज तुमचं. कांडप चालू हुतं, मागचं काय ऐकाया आलं न्हाई, पन येवढं ऐकलं. मी म्हनलं, बानेरचं पोरगं, पन रीत ठावं हाय त्येला."

मला हसू फुटलं. 'अहो, ओटी नाही, ओटीपी' एवढं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते तसंच मिटलं. त्या हसत नव्हत्या. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. मंडळातून जमलेल्या लग्नांत त्यांना मान मिळे, साडी मिळे, पंक्तीत आग्रह होई. पण ओटी भरायची वेळ आली की त्या आपणहून मागे सरत, आणि 'या ना पुढे' असं कुणीही म्हणत नसे.

"हिच्या हातून भरून घे," त्या माझ्या बायकोकडे बोट दाखवून म्हणाल्या. "मी नाही भरत, बाई."

"त्यांनी कशापायी?" लोणीची पाटावरून हलली नाही. "प्येज का त्यांनी चालवलंय? मसाला जगाला दावला तुमी, आन ओटी त्यांनी भरायची व्हय? मला तुमच्याच हातची पायजे."

नारळ आणायला मी गेलो, न सांगता. परत आलो तेव्हा बायकोने कपाटातून खण काढला होता, ताटात तांदूळ घेतले होते आणि देवापुढचा करंडा मावशींच्या हातात होता. त्यांनी हळद लावली, कुंकू लावलं. कुंकू थोडं तिरकं लागलं. ते पुसून पुन्हा लावावं असं कुणाच्याच मनात आलं नाही. नारळ, खण, आणि तांदळाच्या ओंजळी. लोणीची वाकून पाया पडली. "फोन उचलत जा लोकांचे," एवढाच आशीर्वाद मावशींनी दिला.

मग मी त्या मुलाला कळवलं आणि ओटीपीने मावशींचा मोबाईल वाजला. मावशींनी चष्मा लावला आणि एकेक आकडा सावकाश वाचून दाखवला. लोणीचीने नारळ सांभाळत आपल्या मोबाईलवर तो टिपून घेतला. "प्येज आलं मावशी," ती म्हणाली. सहाची गाडी गाठायची म्हणून ती लगेच निघाली आणि मावशी तिला फाटकापर्यंत सोडून आल्या. आल्या त्या खुर्चीत बसून राहिल्या. मोबाईल शेजारीच होता, पण आता मसाल्यासाठी त्याला वाजायला काही कारण नव्हतं. उजव्या हाताच्या बोटावर कुंकू तसंच राहिलं होतं. हिने ओला रुमाल पुढे केला.

"राहू दे गं," मावशी म्हणाल्या. "जाईल हळूहळू."