चहाची मुळं आणि एक मेमो

यातलं मला किती नीट आठवतं आणि किती मी रागाच्या भरात जोडलंय, याची खात्री देत नाही. मातीच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलं की किस्से जुन्या फायलींसारखे साठतात. एक ओढली की चार अंगावर पडतात.

कोणत्या खनिजांनी चहाची मुळं वाढतात, ते शोधायचा प्रकल्प आमच्याकडे आला. नागपुरात चहा! विभागप्रमुख साहेबांनी पहिली रोपं आवारातल्या काळ्या मातीत लावली. म्हणाले, "कापूस येते, तर चहाले काय धाड भरली?" रोपं पिवळी पडून मेली. चुनखडीची माती चहाला मानवत नाही, हे मी सांगितलं होतं. बहुधा फार हळू आवाजात. अहवालात कारण आलं, 'रोपे निकृष्ट.'

मग आसामहून मातीची पोती आली. साहेबांनी त्यात पाणी घातलं ते बोअरचं! आमचा मदतनीस देवराव उमरेडहून रोज एसटीनं यायचा. नऊ वर्षं रोजंदारीवर होता आणि त्याला कायम करायची फाईल साहेबांच्याच टेबलावर होती. तरी तो बोललाच. "साहेब, या पाण्यानं किटली पांढरी होऊन राहिली. झाडाले काहून पाजता?"

साहेब म्हणाले, "तू त्या किटलीत चहा कर."

एकदा तपासणीला पाहुणे आले. त्यांच्यासमोर साहेबांनी एक रोप बुंध्याला धरून खसकन उपटलं. अर्धी मुळं कुंडीतच राहिली. चहाला मुळं कमीच असतात, असं त्यांनी समजावलं आणि पाहुण्यांनी ते लिहून घेतलं. नंतर देवरावनं ती माती परातीत भिजवून केसासारखी मुळं एकेक करून सोडवली. विणकराच्या घरचा माणूस. माझ्या पीएच.डी.ला ते कधी जमलं नाही.

शेवटी अ‍ॅल्युमिनियमची पाळी आली. ते पिकांची मुळं जाळतं, असं आम्ही सगळे शिकलेलो. देवरावनं मुळं धुऊन मोजायला मांडली, तर अ‍ॅल्युमिनियम घातलेल्या कुंड्यांतलीच सगळ्यांत लांब! यानंच कुंड्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या, असं साहेबांनी ठरवलं. मेमो टाईप झाला. त्यावर साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती.

देवराव माझ्याकडे बघत होता. "सर, तुम्ही तरी सांगा. मागावर एक धागा इकडचा तिकडं झाला तर बाप जेवू देत नव्हता. सहा कुंड्यांत मी चुकीन का?"

मला पुस्तकापेक्षा त्याचीच शंका जास्त आली. मी सही केली. त्याच आठवड्यात त्याची फाईल नामंजूर झाली आणि तो कळमेश्वरच्या एका कारखान्यात हमालीला लागला. पुढे साहेबांचा निरोपसमारंभ थाटात झाला. त्यांच्या काटेकोरपणावर भाषण मीच केलं.

निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी मी रामदासपेठेतल्या माझ्या गच्चीवर चहाची रोपं वाळूत लावली. निम्म्या कुंड्यांना थोडं तुरटीचं पाणी दिलं, कारण तुरटीत अ‍ॅल्युमिनियमच असतं. बाकी सगळं सारखं ठेवलं. तुरटीच्या कुंड्यांतली मुळं जवळजवळ दुप्पट लांब निघाली. चिठ्ठ्या मी स्वतः लावल्या होत्या.