निळी चौकट दिसेपर्यंत

टूल कसं निवडावं यावर कुणी माझ्यासमोर बोलायला लागलं की माझं डोकं अजूनही फिरतं. गेल्या वर्षी पाच आठवडे मी दुसरं काहीच केलं नाही. इंदिरानगरच्या आमच्या ऑफिसात आम्ही ॲपचं डिझाइन करतो. खरं ॲप दुसरे लोक बनवतात. आम्ही त्याआधी त्याचं एक सोंग उभं करतो, त्याला प्रोटोटाइप म्हणायचं. फोनवर ते हुबेहूब ॲपसारखं दिसतं, बटण दाबलं की पुढचा स्क्रीन येतो, पण आत काही नसतं, नुसती एकमेकांना जोडलेली चित्रं. ती लोकांच्या हातात द्यायची, ते कुठे अडतात ते बघायचं आणि मग दुरुस्त करायचं. सांगायला इतकं सोपं काम आहे.

ही सोंगं बनवायचं आमचं जुनं टूल सगळ्यांच्या डोक्यात जायला लागलं होतं. फाइल जरा मोठी झाली की ते हँग व्हायचं. मॅनेजरने मला बोलावून हिंदीत सांगितलं की चार टूल बघ, एक ठरव, तुझ्यावर सोडतो. मला तो मान वाटला, यावरून माझी अक्कल ओळखावी.

मी एक शीट उघडली. डाव्या बाजूला टूल, वर कॉलम. मग जो तो येऊन आपला एक कॉलम घालून जायला लागला. एका सहकाऱ्याला तो आधीच्या नोकरीत वापरायचा तेच टूल हवं होतं, आणि त्याच्या शेजारी बसणारीला नेमकं तेच नको होतं. अंधारात पांढरा पडदा काळा होतो का, असाही एक कॉलम होता. टूल विकणारे रोज व्हिडिओ कॉलवर यायचे आणि सगळं एकाच जागी मिळेल असं इतक्या गोड आवाजात सांगायचे की कॉल संपल्यावर मला चहा कडू लागायचा. शीट उजवीकडे सरकवत गेलं की सुरुवातीला काय होतं ते विसरायला व्हायचं. चौथ्या आठवड्यात मी वैतागून जाहीर केलं की हे पुरे झालं. दोन टूल उरलेत, दोन्हींमध्ये एकच प्रोटोटाइप बनवते, खऱ्या माणसांच्या हातात देते, आणि ज्यात लोकांना जमेल ते घेऊ. नवे कॉलम यायचे थांबले. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

हाताशी काम होतं ते एका फिजिओथेरपी क्लिनिकचं. यापुढे फोनवर वेळ द्यायची नाही, सगळ्यांनी ॲपवरूनच घ्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांचे पेशंट बहुतेक साठीच्या पुढचे, आणि त्यातल्या एक माझ्या घरमालकीण.

जे. पी. नगरात मी वरच्या मजल्यावर राहते आणि त्या खाली. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, म्हणून मीही. त्यांचं मराठी घराणं इथे कानडी मुलखात इतक्या पिढ्या आहे की मूळ गाव विचारलं तर त्या फाटकाकडे बोट दाखवतात. मी पुण्याची, त्यामुळे माझं मराठी त्यांना शाळेच्या पुस्तकातलं वाटतं आणि त्यांच्या मराठीतलं कानडी मला आता ऐकूही येत नाही. यजमान गेल्यापासून त्या एकट्या होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हुबळीचा मुलगा त्यांना न्यायलाच आला होता. बरीच वादावादी झाली, मला वरपर्यंत ऐकू येत होती. शेवटी त्याने एक अट घातली. क्लिनिकचं सगळं तुझं तू बघत असशील, दर आठवड्याला न चुकता जात असशील, तर राहा. चुकलं तर मी गाडी घेऊन येईन. अक्कांनी अट मान्य केली, आणि फोनवर वेळ घेऊन, रिक्षा करून, नेमाने जायला लागल्या. आता वेळ ॲपवरून घ्यायची म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा घाबरूनच बघितलं. मी म्हटलं, अक्का, तुम्हीच आधी करून बघा ना, आमचंही काम होईल.

पहिल्या टूलवर त्या अडल्या. वेळ घ्यायची तर आधी वरची तारीख दाबायला लागायची, आणि ती तारीख बटणासारखी दिसतच नव्हती. त्या खालीच दाबत राहिल्या आणि शेवटी फोन ठेवून कॉफी टाकायला उठल्या. चार दिवसांनी मी दुसऱ्या टूलवर तोच प्रोटोटाइप घेऊन गेले. मी समोर लॅपटॉप उघडून बसले, कारण या टूलमध्ये माणूस कुठे दाबतो ते मला इकडे ठिपक्यांनी दिसायचं. अक्का जरा चाचपडल्या, मग तारीख, मग वेळ, मग शेवटचं बटण. माझ्या पडद्यावर हिरवी खूण आली.

"आयतु?" त्यांनी विचारलं.

"झालं. पास झालात तुम्ही."

त्यांनी माझ्यासमोरच मुलाला फोन लावला आणि सांगितलं की ऑफिसच्या लोकांनी परीक्षा घेतली, मी पास झाले, आता ॲपवरून माझं मी करते. बाकीच्या पेशंटांचंही तसंच झालं. पहिल्या टूलवर जवळजवळ सगळे अडले, दुसऱ्यावर सगळे पार. मी शीटमध्ये दुसऱ्या टूलसमोर हिरवा रंग भरला. लोक पहिल्यात का अडतात असं मॅनेजरने विचारलं, तेव्हा ते टूलच जड आहे, पडदा सावकाश बदलतो, म्हणून लोक गोंधळतात, असं मी ठणकावून सांगितलं. चित्रं दोन्हीकडे तीच आहेत, मग निकाल इतका वेगळा कसा, हे मला एकदाही सुचलं नाही. पाच आठवड्यांनी एकदाचं उत्तर मिळालं होतं, आणि मला ते हवं होतं. ती वरची तारीख मात्र बटणासारखी न दिसता तशीच राहिली. ॲप तयार झालं, क्लिनिकने फोन घेणं बंद केलं, आणि मी नवीन टूल सगळ्यांना शिकवण्यात बुडाले.

तीन आठवड्यांनी एका शनिवारी मी भाडेकराराची सही घ्यायला खाली गेले. अक्का सोफ्यावर होत्या, पाय स्टुलावर, गुडघा सुजलेला. हातात फोन, त्यावर तेच ॲप उघडं. त्या पडद्याच्या मधोमध रिकाम्या जागी बोट टेकवत होत्या, थांबत होत्या, पुन्हा टेकवत होत्या. मी विचारलं, काय करताय?

"स्वल्प थांब. निळी चौकट येऊ दे, मग दाबते."

"कसली निळी चौकट?"

"तुझ्यात येत होती ना. चुकीच्या जागी दाबलं की बरोबर जागेभोवती निळी चौकट चमकायची. मग तिथे दाबायचं. ह्याच्यात येतच नाही."

मी त्यांचा फोन हातात घेऊन उगाच बघत राहिले. मला कळलं होतं, पण वर जाऊन लॅपटॉप उघडेपर्यंत मी ते मानलं नाही. त्या दुसऱ्या टूलमध्ये एक सोय होती. जिथे काहीच जोडलेलं नाही तिथे बोट लागलं, की जिथे जोडलेलं आहे ती जागा क्षणभर निळी चमकते. मीटिंगमध्ये प्रोटोटाइप दाखवताना आपली पंचाईत होऊ नये म्हणून ती आम्हा डिझाइनवाल्यांसाठी ठेवलेली. बंद करायला सेटिंगमध्ये एक टिचकी पुरे. मी ती मारली नव्हती. लोकांच्या हातात मी प्रश्नपत्रिका आणि उत्तरं एकत्रच दिली होती, आणि पहिल्या टूलमध्ये नुसती प्रश्नपत्रिका. माझ्या पडद्यावर ती निळी चौकट दिसायची नाही, आणि चुकीच्या जागचे ठिपके नकोत म्हणून मी स्वतः लपवून ठेवले होते, चित्र स्वच्छ दिसावं म्हणून. आता ते दाखवायला सांगितल्यावर अक्कांचा पडदा गोवर आल्यासारखा ठिपक्यांनी भरला. सगळ्यांचेच भरले.

मला टूलचा राग आला, ते बनवणाऱ्यांचा आला, आणि मग स्वतःचा इतका आला की मी लॅपटॉप आपटला. शीटमध्ये ढीगभर कॉलम होते. फोन हातात असलेल्या माणसाला काय दिसतं, हा कॉलम कुणी घातला नव्हता, आणि तो घालायचं काम माझंच होतं.

सोमवारी मी ऑफिसात सगळं सांगितलं. मॅनेजरने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, पुढच्या अपडेटमध्ये तारीख बटणासारखी दिसेल असं करू, काही आठवडे जातील. आणि हळूच विचारलं, टूल बदलायला लागणार नाही ना? मला हसावं की ओरडावं कळेना. टूल चांगलं आहे, मी म्हटलं, आणि ते खरंही होतं.

अक्कांना वेळ मी घेऊन दिली, पण तोपर्यंत तीन आठवडे क्लिनिक चुकलं होतं, उशीर झाला होता. गुडघा वाकत नाही हे मुलाला व्हिडिओ कॉलवर दिसलं, आणि रविवारी तो गाडी घेऊन आला. मी खाली जाऊन त्याला सगळं समजावलं. चूक आमची आहे, त्यांची मुळीच नाही, मला थोडा वेळ द्या, मी स्वतः त्यांच्याबरोबर जाईन. तो सभ्य माणूस आहे. म्हणाला, "तुमचं खरं असेल. पण तीन आठवडे तिने मला काही सांगितलं नाही, आणि तुम्ही तर वरच राहता." 

तो बॅगा ठेवायला बाहेर गेल्यावर मी अक्कांशेजारी बसले. त्यांनी नवं पातळ नेसलं होतं आणि पाय ताठ धरला होता. मी विचारलं, मी एक जिना वर होते, एकदा हाक का नाही मारलीत?

मुलगा बाहेरच आहे ना, हे त्यांनी आधी दाराकडे बघून घेतलं.

"तू पास केलं होतंस ना मला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तेव्हा येत होतं, आता येत नाही, म्हणजे माझंच डोकं चालेनासं झालं. ते तुला कसं सांगू?"

मी त्यांना सांगितलं की तुम्ही पास झालाच नव्हतात, कुणीच झालं नव्हतं. त्यांनी मान हलवली, सरी, म्हणजे बरं, म्हणाल्या, पण एव्हाना त्या माझं ऐकत नव्हत्या. मुलगा आत आला आणि त्यांना हात देऊन उठवायला लागला. पायरीपाशी थांबून त्यांनी घराची चावी माझ्या हातात ठेवली आणि तुळशीला रोज पाणी घालायला सांगितलं.