तीन फुटांतला निळा मासा

आज सकाळी चहा घेताना मी माझ्या माशाला वळताना पाहिलं. पोहायला सुरुवात करतो न करतो तोच समोर काच येते आणि त्याला अंग मुडपून मागे फिरावं लागतं. काचेवर घासून घासून त्याच्या नाकाशी कातडी पांढुरकी झाली आहे.

दोन वर्षांपूर्वी आणला तेव्हा तो अंगठ्याएवढा होता. दुकानातल्या बाई म्हणाल्या होत्या, "हा वीतभराहून मोठा होतो. घरी टाकी केवढी आहे?" माझी खाऱ्या पाण्याची टाकी तीन फुटांची. मी सांगून टाकलं, "सहा फुटांची." त्या दाखवत होत्या ते छोटे नारिंगी मासे मला नको होते, मला तो निळा रंग हवा होता. समुद्रातला एक जीव माझ्या हॉलमध्ये शोभेल का, एवढंच मी पाहिलं. तो वाढेल, हे मनातही आणलं नाही. आवडलेल्या जिवाला किती जागा लागते हे न विचारताच आपण त्याला आपला म्हणू लागतो, आणि वर यालाच प्रेम म्हणतो.

दुपारी त्याला बादलीतून दुकानात नेलं.

"माझी टाकी तीन फुटांचीच आहे," मी बाईंना म्हणालो. "तेव्हा खोटं बोललो."

त्यांनी वाकून बादलीत पाहिलं. "मला कळलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तरी दिला."

मग आम्ही त्याला त्यांच्या मोठ्या टाकीत सोडलं. तो सरळ लांबवर पोहत गेला. आम्ही एकमेकांची नजर चुकवत त्याच्याकडे पाहत राहिलो.